तीन वाटण्या, एक घड्याळ

कार्वालेदा गावात दोन बँड आहेत. एकाचं नाव जुना, दुसऱ्याचं नवा. नवा बँड एकशे आठ वर्षांचा आहे. अठराशे सत्त्याण्णव साली एका क्लॅरिनेटवाल्याला सूर चुकल्याबद्दल चारचौघांत बोलणी खावी लागली. तो तणतणत नऊ जणांना घेऊन बाहेर पडला, आणि तेव्हापासून गावातली निम्मी घरं उरलेल्या निम्म्यांना 'कानामागून आली आणि तिखट झाली' म्हणतात. सूर खरंच चुकला होता की नाही, यावर अजून एकमत नाही. गावात आता तीनशे दहा माणसं उरलीत, बाकीची फ्रान्सला गेली. तरी बँड दोनच. कारण दोनाचा एक करण्यापेक्षा गाव बंद करणं सोपं आहे.

अदेरितो या गावच्या पंचायतीचा कारकून. जन्माने जुन्या बँडचा, लग्नाने नव्या बँडचा जावई. त्याच्या लग्नात दोन्ही बँड वाजले, एकाच वेळी, वेगवेगळी गाणी. त्या दिवसापासून त्याने एक गोष्ट पक्की शिकून घेतली. कुणी काहीही विचारलं की म्हणायचं, "नियमात काय आहे ते बघून सांगतो." एवढ्या एका वाक्यावर त्याने एकोणीस वर्षं संसार आणि नोकरी दोन्ही निभावली.

दोन हजार चारच्या नोव्हेंबरात सरकारच्या कुठल्याशा योजनेतून पंचायतीला एक कॉम्प्युटर आला. एका पंचायतीला एकच. खोक्यावरचा चिकटपट्टीचा कागद निघायच्या आत दोन्ही बँडचे अध्यक्ष कचेरीत हजर झाले. दोघांनाही वाद्यांचे सूर छापायला मशिन हवं होतं. जुन्या बँडचा अध्यक्ष बेलार्मिनो हा गावचा पाववाला, आणि नव्या बँडचा ओरासियो हा न्हावी. दोघं एकमेकांशी गेली चौदा वर्षं थेट बोललेले नव्हते. पाव घ्यायला ओरासियो बायकोला पाठवतो. केस कापायला बेलार्मिनो शेजारच्या गावी जातो, आठ किलोमीटर.

"अदेरितो, त्यांना सांग, मशिन आमचं. आम्ही आधीचे," बेलार्मिनो म्हणाला.

"अदेरितो, त्यांना सांग, आधी डायनासोरही होते," ओरासियो म्हणाला.

अदेरितोने नियमात बघून सांगितलं की मशिन पंचायतीचं. वर त्यालाच चर्चची घंटाही जोडायची आहे. खरी घंटा विजेने तडकून पाच वर्षं झाली होती, आणि मनोऱ्यावर भोंगे लावून तिचा आवाज काढायचं ठरलं होतं. म्हणजे एका मशिनला मालक तीन झाले. करवतीने कापता येत नाही म्हणून जिल्ह्याच्या गावाहून तेल्मो नावाच्या कारागिराला बोलावलं.

तेल्मो हसतमुख माणूस होता. निदान सकाळी तरी होता. त्याने टेबलावर कागद घेऊन समजावलं. मशिनच्या आत माहिती साठवणारी एक तबकडी असते, तिच्या आपण वाटण्या पाडू. एका घराच्या तीन खोल्या समजा. प्रत्येक खोलीत वेगळी सिस्टिम. जुन्या बँडला जुनी विंडोज, कारण त्यांचा सूर लिहायचा प्रोग्रॅम तिच्यावरच चालतो. नव्या बँडला नवी. पंचायतीला लिनक्स, ती फुकट असते. मशिन सुरू केलं की पडद्यावर यादी येईल, ज्याची खोली हवी तिच्यावर बोट दाबायचं. एका वेळी एकाच खोलीत दिवा लागेल. कुणाचं कुणाला दिसायचं नाही.

"भिंत किती जाड?" बेलार्मिनोने विचारलं.

"भिंत नसते, काका. फक्त नोंद असते, की अमुक इथून तिथपर्यंत तुमचं."

"नोंद तर आमच्या कुंपणाचीही आहे," ओरासियो म्हणाला. "मग सकाळी दगड सरकलेले असतात ते कसे?"

वाटणीला चार तास लागले. आधी दोघांना जागा समसमान दिली, तर पडद्यावर जुन्याला एकोणतीस पूर्णांक नऊ आणि नव्याला तीस दिसायला लागलं. बेलार्मिनो खुर्चीवरून उठला. तेल्मोने रेघ इकडून तिकडे सरकवून दोन्ही आकडे सारखे केले. मग प्रश्न आला की तबकडीच्या सुरुवातीला कोण. जुन्यांनी मानाने सुरुवात मागितली. तेल्मोच्या तोंडून निघून गेलं की सुरुवात म्हणजे तबकडीची बाहेरची कड.

"बाहेरची? म्हणजे आम्ही ओसरीवर, आणि हे आतल्या खोलीत?"

तेल्मोने सांगितलं की बाहेरच्या कडेला काम जरा जलद होतं. ते ऐकताच आतल्या खोलीत निवांत बसलेल्या ओरासियोलाही ओसरी हवीशी झाली. शेवटी ओसरीवर पंचायत बसली, आणि त्या दोघांपैकी आत कोण जास्त आहे हे तेल्मोने कुणालाच सांगितलं नाही. यादीत वर कुणाचं नाव, यावर एक तास गेला. त्यावर तोडगा असा निघाला की पंचायत कायम वर, आणि खालची दोन नावं दर एक तारखेला अदेरितोने उलटसुलट करायची. हे काम त्याच्या सेवापुस्तकात लिहून घेतलं. तेल्मोने उरलेल्या जागेत चौथी एक लहान खोली काढली आणि म्हणाला, ही सामायिक, दोघांना इथलं वाचता येईल, ईस्टरचं भजन तरी एकत्र ठेवा. ती खोली आजतागायत रिकामी आहे. सामायिक न्हाणीघराचं जे होतं तेच. वापरायचं सगळ्यांनी, धुवायचं दुसऱ्याने.

निघताना तेल्मोने एक शेवटची गोष्ट सांगितली. तोवर त्याचं हसू कुठल्या तरी खोलीत राहून गेलं होतं.

"एक लक्षात ठेवा. खोल्या तीन असल्या तरी मशिनच्या पोटात घड्याळ एकच आहे. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढं जातात ना, तो तास प्रत्येक सिस्टिम आपणहून पुढं करते. एकीनं केलेलं दुसरीला कळत नाही. म्हणून पंचायतीची एकटी करील, बाकी दोघींना मी सांगून ठेवतो, तुम्ही हात लावू नका. त्यांच्या घड्याळापुढची एवढीशी 'बरोबर'ची खूण काढायची आहे."

"म्हणजे आमच्या खोलीतली वेळ आम्ही नाही लावायची?" बेलार्मिनो म्हणाला.

"आपोआप लागेल, काका. घड्याळ एकच आहे."

"उपकाराची वेळ नको आम्हाला."

"त्यांची खूण राहणार असेल तर आमचीही राहील," ओरासियो म्हणाला. "उद्या म्हणतील, नव्या बँडला उन्हाळा कळत नाही."

तेल्मोने दोघांच्या तोंडाकडे पाहिलं, खुणा होत्या तशा राहू दिल्या, आणि एका चिठ्ठीवर सगळं लिहून ती मशिनच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. मग तह झाला. अकरा कलमं. कचेरीच्या आणि कपाटाच्या किल्ल्या तीन-तीन. सकाळ जुन्यांची, दुपार नव्यांची, रात्र पंचायतीची. सणाच्या दिवशी कुणीच हात लावायचा नाही. कलम सात खास कारकुनासाठी होतं. दोन्ही अध्यक्षांच्या लेखी संमतीशिवाय त्याने घड्याळाला बोट लावू नये, कारण घंटा घड्याळावर चालते, आणि घंटेवर गावाची अब्रू.

अब्रूचं प्रकरण असं आहे. ईस्टरच्या रविवारी सकाळी चर्चमधून मिरवणूक निघते. गुरुवारपासून घंटा मुकी असते, ती थेट रविवारी सकाळी नऊ ठोके देते. नववा ठोका विरल्यावर चर्चच्या अंगणात ज्या बँडचं वाद्य पहिलं वाजेल, तो बँड त्या वर्षी पुढे चालतो. ईस्टरलाही आणि ऑगस्टच्या जत्रेलाही. आणि ज्याने पहिला सूर काढला तो माणूस सगळ्यांच्या पुढे, झेंड्याच्याही पुढे. एकोणीसशे एकतीस साली डोकी फुटल्यावर बिशपने हा नियम घालून दिला. गेली अकरा वर्षं नवा बँड पुढे होता. त्यांचे तीन कर्णेवाले आठव्या ठोक्यालाच छाती फुगवून तयार असतात. जुन्या बँडमध्ये छाती फुगवू शकणारे दोघंच आहेत, आणि त्यातल्या एकाला दमा आहे.

अदेरितोचा बाप झेफरिनो जुन्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचा. वय एक्याऐंशी. ढोलवाला बँडच्या शेवटच्या रांगेत चालतो, आणि बँड गेली अकरा वर्षं मागे, म्हणजे झेफरिनो मिरवणुकीच्या शेपटाचं शेपूट. ईस्टरच्या आदल्या रविवारी तो लेकाकडे जेवायला आला, सूप संपवलं आणि म्हणाला, "मे महिन्यात पोर्तोच्या इस्पितळात माझी छाती उघडणारेत. उघडून नीट बंद करतील की नाही, कुणाला माहीत."

"बाबा, असं बोलू नये."

"मी रडत नाहीये. सांगतोय. एकसष्ट वर्षं ढोल वाजवला. छाती उघडायच्या आधी एकदा पुढं चालायचंय. एकदाच."

"डॉक्टर म्हणालेत, ढोल उचलायचा नाही."

"डॉक्टर कुठल्या बँडचा?"

सून इडालिना नव्या बँडच्या घरातली. तिने सासऱ्याच्या ताटात मांसाचा आणखी एक तुकडा वाढला. तिच्यासारखीच्या त्या तुकड्यातच काय ती माया समजून घ्यायची. अदेरितोला त्या रात्री झोप आली नाही. बापाने उभ्या जन्मात त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि आता मागितलं तेही त्याच्या हातात नसलेलं. घंटा त्याच्या हातात होती, पण कर्णेवाल्यांची छाती कुठे त्याच्या हातात होती? मिनिटभर घड्याळ मागे पुढे केलं तरी बाप पोचेपर्यंत ते तिघं वाजवून मोकळे झाले असते. म्हणून तो प्रामाणिक राहिला. बरेच लोक असेच प्रामाणिक राहतात.

आता त्या वर्षी, दोन हजार पाच साली, देवाला आणि सरकारला एकच रविवार सापडला. ईस्टर सत्तावीस मार्चला आला, आणि घड्याळं पुढे करायचा दिवसही तोच. अशा रविवारी कार्वालेदात कुणाला वेळ विचारू नये. नवरा रात्री झोपताना काटा पुढे करतो, बायको पहाटे उठून पुन्हा करते, आणि म्हाताऱ्यांची घड्याळं सरकारला न जुमानता हिवाळ्यातच राहतात. मोबाईलला डोंगराआड रेंज नाही. तेव्हा सगळं गाव म्हणतं, घंटा सांगेल ते खरं.

अदेरितोने पहाटे सहाच्या रेडिओवर मनगटी घड्याळ नीट लावलं आणि सहा चाळीसला कचेरी उघडली. बाहेर अजून धड उजाडलं नव्हतं. आत शिरताच त्याला लव्हेंडरचा वास आला. पंचायतीच्या कचेरीला जुन्या कागदांचा आणि उंदरांचा वास असतो. लव्हेंडर फक्त ओरासियोच्या दुकानात असतं, दाढीनंतर गालाला थापतात ते. अदेरितो मशिनपाशी गेला. कीबोर्डवर पांढरी बोटं उमटली होती. त्याने एक बोट चाटून पाहिलं. पीठ होतं, ईस्टरच्या पावाचं, त्यात अंडं आणि थोडी दालचिनीही.

पडद्यावर पंचायतीची खोली उघडी होती, आणि कोपऱ्यातलं घड्याळ आठ चाळीस दाखवत होतं.

अदेरितोने मनगट पाहिलं, पडदा पाहिला, मग कपाटाच्या दारावरची तेल्मोची चिठ्ठी पाहिली आणि खुर्चीत बसला. चोराच्या मनात चांदणं, त्यातला प्रकार. रात्री पंचायतीच्या सिस्टिमने आपलं काम चोख केलं होतं, घड्याळ एक तास पुढे. पहाटे ओरासियो आला असणार. जुन्यांनी घड्याळाशी काही खेळ तर केला नाही ना, निदान आपल्या खोलीत तरी उन्हाळा लागलाय ना, हे बघायला. त्याने आपली खोली उघडली, आणि तिने इमानदारीने आणखी एक तास पुढे केला. तो पंचायतीची खोली होती तशी लावून गेला. मग बेलार्मिनो आला, भट्टी सोडून, त्याच काळजीने. त्याच्या खोलीने तिसरा तास पुढे केला. वर विचारलंही असेल, नवी वेळ बरोबर आहे ना? बेलार्मिनोने अंधारात, पिठाच्या बोटाने, आकडा न बघता 'हो' दाबलं असणार आणि पंचायतीची खोली परत लावली असणार. मशिनला नाही म्हणायची त्याची हिंमत नाही, ती त्याने माणसांसाठी राखून ठेवली आहे. तिघांनी आपापलं कर्तव्य बजावलं होतं. एखाद्याने जरी कामचुकारपणा केला असता तर गावाचा एक तास वाचला असता.

दुरुस्ती दोन मिनिटांची होती. अदेरितोने हात पुढे केला.

तेवढ्यात खिडकीतून त्याला चढावर काहीतरी हलताना दिसलं. करड्या उजेडात एक मोठा गोल पाठीवर घेऊन कुणीतरी वर येत होतं. दहा पावलं चालायचं, भिंतीला टेकायचं, पुन्हा दहा पावलं. झेफरिनो होता. चढायला आताशा त्याला तासभर लागायचा, म्हणून तो तीन तास आधी निघाला होता. ढोल त्याने कुणाला उचलू दिला नव्हता. त्याच्या मागे रस्ता रिकामा, पुढे चर्चचं अंगणही रिकामं. ओरासियोच्या घरात दिवा लागला होता, तो दाढी करत असेल. कर्णेवाले अजून अंथरुणात असतील.

अदेरितोचा हात माऊसवर तसाच राहिला. डोळ्यांत पाणी कधी आलं ते त्याला कळलं नाही. मग त्याला कलम सात आठवलं. दोन्ही अध्यक्षांच्या लेखी संमतीशिवाय कारकुनाने घड्याळाला बोट लावू नये. एकोणीस वर्षांच्या नोकरीत कुठलाही नियम त्याला इतका पटला नव्हता. त्याने हात उचलला, कीबोर्डवरचं पीठ मात्र तसंच राहू दिलं, कपाटाला कुलूप लावलं आणि बाहेर पडला.

अंगणात झेफरिनो दगडी पायरीवर बसला होता. श्वास जोरात चालला होता, ढोल मांडीवर.

"लवकर आलात, बाबा."

"उशिरा येऊन बघितलं अकरा वर्षं."

अदेरितो शेजारी बसला. कोंबडे आरवत होते. मग मनोऱ्यावरचा भोंगा खरखरला आणि घंटा वाजायला लागली. झेफरिनो उठला, पट्टा खांद्यावर चढवला. ओठ हलवत तो ठोके मोजत होता. अदेरितोही मोजत होता, आणि त्याला भीती वाटत होती की बाप आता म्हणेल, हे कसले नऊ. सात. आठ. नऊ. नववा ठोका डोंगरावर जाऊन आपटला आणि विरला.

झेफरिनोने लेकाकडे पाहिलं. "वाजले नऊ?"

"पंचायतीची घंटा आहे, बाबा. मी काय सांगणार."

म्हाताऱ्याने हात वर नेला आणि ढोलावर असा ठोका दिला की चर्चच्या छपरावरची कबुतरं उडाली.

पुढची पाच मिनिटं गावात काय झालं ते सांगायला एक तोंड पुरणार नाही. खिडक्या उघडल्या. ओरासियो एका गालाला साबण लावलेला, हातात वस्तरा, तसाच धावत आला. बेलार्मिनो एप्रन घालून आला, त्याच्या मागे करपलेल्या पावाचा वास आला. कर्णेवाल्यांपैकी एकाच्या पायात बायकोच्या सपाता होत्या. पाद्रीबाबा झग्याची बटणं लावत दारात आले आणि आभाळाकडे बघत उभे राहिले. आभाळात सूर्य नव्हता.

"घंटा चुकलीय," ओरासियो ओरडला. "नऊ वाजलेत आणि अजून उजाडलं नाही?"

सगळे अदेरितोकडे वळले. त्याचा आवाज नेहमीचाच निघाला, कारकुनी.

"चुकली म्हणता? म्हणजे तक्रार नोंदवायची का? नोंदवू. मग मशिन उघडून बघावं लागेल, पहाटेपासून कोण कोण कुठल्या खोलीत जाऊन आलं. मशिन सगळं लिहून ठेवतं. सणाच्या दिवशी हात लावायला मनाई आहे, तेव्हा कुणी गेलंच नसणार म्हणा. कपाटात मात्र पीठ सांडलंय, आणि लव्हेंडरचा वास येतोय."

ओरासियोच्या गालावरचा साबण सुकायला लागला होता. बेलार्मिनोने दोन्ही हात एप्रनमागे नेले. चौदा वर्षांत पहिल्यांदा दोघांनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहिलं, आणि काय ते ओळखलं.

"घंटा बरोबर आहे," बेलार्मिनो म्हणाला.

"चुकली असं मी कुठं म्हणालो?" ओरासियो म्हणाला. "मी म्हटलं, सूर्याला उशीर झालाय. नवीन वेळ आहे. त्यालाही सवय व्हायला पाहिजे."

"पण एकट्या माणसाचा बँड होतो का?" सपातावाला कर्णेवाला कुरकुरला.

"नियमात बघून सांगतो," अदेरितो म्हणाला, आणि न बघता सांगितलं. "बिशपनी 'वाद्य' लिहिलंय. किती ते लिहिलेलं नाही."

पाद्रीबाबांना आणखी तीन गावं करायची होती. त्यांनी मनात हिशोब केला की या वर्षी पहिल्यांदा जेवायला वेळेवर पोचता येईल, आणि घंटेवर विश्वास ठेवला. अशा रीतीने कार्वालेदा गावाने सर्वानुमते ठरवलं की नऊ वाजलेत. त्या दिवशी गावाने दुपारचं जेवण सकाळी साडेदहाला घेतलं, अर्धं कच्चं करडू चावत चावत, आणि एकानेही तोंडातून ब्र काढला नाही. आजूबाजूची गावं अजूनही हसतात. हसू देत. त्यांच्याकडे एकेकच बँड आहे, त्यांना एकमत म्हणजे काय ते काय कळणार.

मिरवणूक निघाली. झेंड्याच्या पुढे झेफरिनो, त्याच्या मागे जुना बँड, जेवढा जागा झाला होता तेवढा, कुणाच्या शर्टाची बटणं खालीवर, कुणी बिनटोपीचा. त्यांच्या मागे पाद्रीबाबा क्रूस घेऊन, आणि सगळ्यात शेवटी नवा बँड, अकरा वर्षांत न पाहिलेल्या पाठी बघत. वाटेत इडालिना उंबऱ्यापुढे फुलं अंथरत होती, निम्मीच झाली होती. तिने सासऱ्याला पुढे येताना पाहिलं, टोपलीतली उरलेली सगळी फुलं त्याच्या वाटेवर ओतली आणि आपल्या माहेरच्या बँडकडे न बघता आत गेली.

अदेरितो बापाच्या बाजूने चालत होता, पडला तर सावरायला. कारंज्यापाशी वळताना डोंगरामागून सूर्य आला, त्याच्या नेहमीच्या वेळेला.

"माझ्या बंडीच्या खिशात हात घाल," झेफरिनो ढोल वाजवता वाजवता म्हणाला. "घड्याळ काढ. किती वाजलेत?"

अदेरितोने काढलं. म्हाताऱ्याचं घड्याळ अजून हिवाळ्यात होतं. साडेसहाला थोडी मिनिटं बाकी होती.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"सहाला नऊ ठोके पडले तर बहिऱ्यालाही कळतं. तुला?"

"मला पण."

झेफरिनोने दोन ठोके वाजवले, मग श्वास घेतला. "अकरा वर्षं घंटा बरोबर वाजली. तेव्हा मला कुणी विचारलं नाही, झेफरिनो, मागून का चालतोस म्हणून. ठेव ते खिशात. आणि घड्याळ काय बघतोस, पुढं बघ."

अदेरितोने पुढे पाहिलं. ओला रस्ता होता, त्यावर फुलं, आणि पार चर्चच्या वळणापर्यंत कुणाचीही पाठ नव्हती.